कोपऱ्यातल्या प्लॉटची चोरी

ती घटना मला आजही आठवते ती ठाण्यात पिकलेल्या हशामुळे. पोलीस ठाण्यात हसू तसं कमीच येतं, आणि आलं तरी फिर्याद घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर येऊ नये, असा माझा आपला नियम होता. पण त्या सकाळी एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा प्लॉट चोरीला गेलाय." बाकावर बसलेले लोक हसले, पाण्याचा जार घेऊन आलेला माणूस हसला, आमचे शिपाईही हसले.

स्टेशन डायरीवर आमचे हवालदार होते. निवृत्तीला आलेले, मिशा पांढऱ्या, बोलणं तिरकस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, मोटारसायकल चोरीला जाते, शेळी जाते, मोबाईल तर रोजच जातो. प्लॉट कसा नेला म्हणायचा? पोत्यात घालून?"

"ते तुम्ही शोधा," बाई म्हणाली. "गेलाय एवढं खरं. काल डोळ्यांनी बघून आले. माझ्या जागेवर दुसऱ्याची भिंत चाललीय."

मी आतल्या खोलीत होते, तिथून बाहेर आले. तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झाले, कायदा ठाण्यातल्याच फाटक्या पुस्तकांतून वाचून वाचून शिकले, खात्याच्या परीक्षा देत देत वर आले. त्यामुळे माझं इंग्रजी कच्चं राहिलं, पण माणूस खोटं बोलतोय की घाबरलाय एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. ही बाई घाबरलेली होती आणि हसणाऱ्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. तिला आत घेतलं, चहा सांगितला.

नाव मी कुणाचंच घेणार नाही. माणसं अजून आहेत, त्यांची लेकरं आहेत. ठाणं शिर्डीच्या जवळचं, एवढं सांगितलं तरी पुरे. आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, माझ्या तोंडून मात्र अजून नगरच निघतं, ते वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

बाई निवृत्त नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. उभी नोकरी नेवासा तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. नवरा लवकर गेला, मूल नाही. सरकारी क्वार्टर बदलत बदलत राहिली आणि निवृत्तीनंतर भावाच्या घरी आली. भाऊ चांगला, पण पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि घरात खोल्या मोजक्या. भावजयीनं एके दिवशी सिस्टरची खाट ओसरीत आणून टाकली. तोंडानं काही म्हणाली नाही.

"म्हणाली असती तर भांडता आलं असतं," सिस्टर मला म्हणाली. "खाट हलवली त्याला काय उत्तर द्यायचं, मॅडम?"

तिच्यापाशी होता तो हा एक प्लॉट. तो विकायचा आणि कोपरगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. भाव चढलेला होता. गिऱ्हाईकही मिळालं. गिऱ्हाइकाला जागा दाखवायला ती रिक्षा करून गेली, तर जागेवर भिंत. गिऱ्हाईक तिथूनच परत गेलं.

इथं त्या भागातल्या भावाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानतळ येणार अशी बातमी आली तेव्हा शिर्डीच्या आसपास जमिनीचा भाव चढला. विमानं उतरायला लागली तेव्हा आणखी चढला. मग ती साथ आली. मंदिर बंद, लॉजच्या खोल्यांना कुलपं, फुलवाल्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या. भाव असा बसला की घेणारा सोडाच, विचारणाराही मिळेना. पुढं मोठा रस्ता झाला, गर्दी परतली आणि भाव पुन्हा उठला. आणि गंमत अशी, की या सगळ्या काळात त्या जमिनीवर काहीही घडत नव्हतं. तोच मुरूम, त्याच बाभळी, त्याच शेळ्या. प्लॉट घेणाऱ्यांतले बहुतेक लोक तिथं राहायला येणारच नव्हते. घेऊन ठेवायचा, वाढला की काढायचा. आमच्या ठाण्यातले निम्मे लोक असे कुठं ना कुठं गुंठा-दोन गुंठे घेऊन बसले होते. हवालदारांचाही होता, सुप्याकडं कुठंतरी. सिस्टरनं तिचा घेतला तो साथीच्या मंदीतच.

जमिनीचं भांडण आलं की ठाण्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. ते वाक्य पुष्कळदा खरंही असतं. सिस्टरनं पिशवीतून खरेदीखत काढलं. मी वाचलं. कागद चोख. प्लॉट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा, सगळं लिहिलेलं. सोबत ले-आउटचा नकाशा. त्यात तिचा प्लॉट मागच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला होता. भिंत चालली होती ती पुढच्या, रस्त्याला लागून असलेल्या कोपऱ्याच्या प्लॉटवर. म्हणजे कागदाप्रमाणे तिचा प्लॉट जागच्या जागी होता.

मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"कागदावर काय लिहिलंय ते मी आत्ता बघतेय," ती म्हणाली. "पण मॅडम, मला प्लॉटवाल्यांनी कोपराच दाखवला. मी तिथं पाटावर बसून भूमिपूजन केलंय. ईशान्येच्या कोपऱ्यात माझ्या हातानं कलश ठेवलाय, वर माती लोटलीय. बाई माणूस आपला कलश कुठं ठेवला ते विसरतं का?"

"पूजा आधी झाली की खरेदी?"

"पूजा आधी. ते म्हणाले मुहूर्त साधून घ्या, रजिस्ट्री काय, नंतर होतेच."

मला तिथं खटकलं. घर बांधायचं नाही, नुसता प्लॉट घेऊन ठेवायचा, आणि त्याचं भूमिपूजन? तेही खरेदीच्या आधी? आमच्या भागात घर बांधायला काढलं की पूजा करतात. कलशात सुपारी, नाणं, चांदीचा छोटा नाग नि कासव घालतात आणि ईशान्येला पुरतात. नुसत्या गुंतवणुकीची पूजा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हवालदारांना घेऊन मी जागेवर गेले. वाटेत त्यांची टकळी चालू. "मॅडम, ह्यात काय हाती लागणार न्हाई. कागूद पक्का हाय. बाईनं सही करताना वाचायला पायजे हुतं."

"तुम्ही तुमच्या प्लॉटचं खरेदीखत वाचलंत का?"

"आपला मानूस वळखीचा हाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ले-आउटच्या तोंडाशी एका बाईची चहाची टपरी होती. वय झालेली, ठसठशीत कुंकू, आवाज मोठा. पोलिसांची गाडी बघून लोक उठून जातात. ही मात्र उलट पुढं आली. मी चहा घेतला आणि सहज विचारलं, मावशी, इथं कुणी राहायला येतं की नाही?

"राहायला? आवो बाई, कशाचं राहायला! त्या कोपऱ्यात पूजा मातर लई झाल्यात. घर यकबी उठलं न्हाई."

"लई म्हणजे?"

"म्या कशाला मोजू? दर टायमाला शिरा मिळतो पत्रावळीवर. पयल्या पयल्यांदा बरं वाटलं. मग म्या म्हणले, अगं बया, हे यकाच जागंची पूजा करून करून हिला म्हातारी करत्यात का काय! त्यात तूप बी कमी कमी व्हत गेलं."

हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला. खबर देणारा माणूस नेहमी चोरून भेटतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा. खबर उघड्यावर पडलेली असते, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

"पूजेला बसणारे एकच लोक होते का, मावशी?"

"छ्या! दर टायमाला नवं जोडपं. यकदा ही यकटीच बाई हुती, पांढऱ्या लुगड्यातली. गुरुजी मातर त्योच. आन् प्लॉटवाले भाऊ त्येच."

मग आम्ही कोपऱ्यावर गेलो. भिंत कमरेएवढी आली होती. चार गवंडी कामाला. मी भिंतीच्या कडेनं चालत गेले आणि ईशान्येच्या टोकाला थांबले. तीन कोपरे काटकोनात होते. हा चौथा मात्र तिरपा कापलेला. भिंत तिथं आत वळली होती आणि रस्त्याच्या बाजूला एक त्रिकोणी तुकडा भिंतीबाहेर सुटला होता.

ज्यांनी आमच्याकडची जमिनीची भांडणं पाहिली आहेत त्यांना हे किती विचित्र आहे ते लगेच कळेल. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ डोकी फोडतात. आणि इथं रस्त्याला लागून असलेली, सगळ्यांत महाग जागा माणूस आपणहून भिंतीबाहेर ठेवत होता.

मी मिस्तरीला विचारलं.

"आमी बी तेच म्हणलं, मॅडम," तो म्हणाला. "हाटेलवाले मालक येऊन वरडून गेले, माझी जागा कुनासाठी सोडताय म्हणून. पर भाऊंनी ठणकावून सांगितलं, त्या कोपऱ्यात टिकाव लावायचा न्हाई. पाया आतून घ्या."

"का?"

"आता ते मोठी मानसं. आमी काय इचारावं!"

कोपऱ्याचा हा प्लॉट अजून कुणालाच विकलेला नव्हता. कागदावर तो प्लॉटवाल्याच्या बायकोच्या नावावर होता आणि आता एका हॉटेलवाल्याशी सौदा झाला होता. परत येताना हवालदारांनी मान वळवून तो तिरपा कोपरा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, खणायला पायजे."

पण आधी मी प्लॉटवाल्याला चौकशीला बोलावलं. गडी पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बोलणं गोड. आल्या आल्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"ताई, प्रसाद."

"राहू द्या. बसा."

"ताई, ही दिवाणी बाब आहे. तुमचा वेळ उगाच जातो. खरेदीखत वाचा. त्यात आहे तेच मी विकलं."

"सिस्टर म्हणतात तुम्ही कोपरा दाखवला."

तो हसला. हसण्यात राग नव्हता, कीवच होती. "मार्केट पडलं होतं तेव्हा यांनी कधी फोन करून विचारलं का, भाऊ माझा प्लॉट कसा आहे? विचारायच्या, भाव कसा आहे. आता भाव वाढला, तर सगळ्यांनाच कोपरा पाहिजे. रिकाम्या रानात सगळे प्लॉट सारखे दिसतात, ताई. बाई चुकून भलत्या जागी पूजेला बसल्या असतील."

"तुम्ही होता का तिथं?"

"मी नव्हतो. गुरुजी पाठवले होते फक्त."

"आणखी कुणाची पूजा झाली त्या कोपऱ्यात?"

"कुणाचीच नाही."

मी त्याला आणखी काही विचारलं नाही. भिंतीचा विषय तर काढलाच नाही. ही दोन्ही उत्तरं त्याच्याच शब्दांत जबाबात घेतली, वाचून दाखवली आणि सही घेतली. नव्या अधिकाऱ्यांना मी हे नेहमी सांगत असे: माणूस खोटं बोलला की लगेच पकडायची घाई करू नका. त्याला ते नीट, पूर्ण, सहीनिशी बोलू द्या.

एक गोष्ट मात्र त्याची खरी होती, आणि ती मला पुढं फार उपयोगी पडली. भाव पडला की माणूस आपल्या प्लॉटकडं फिरकत नाही. बघून काय करायचं, जीवच जळायचा. फोनवर भाव विचारतो आणि ठेवतो. तारेचं कुंपणही घालत नाही, कारण पडत्या भावात आणखी खर्च कोण करणार? याच भरवशावर त्यानं सगळं मांडलं होतं. मंदी होती तोवर कुणी येणार नव्हतं.

गुन्हा दाखल केला. भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला पत्र दिलं, तलाठ्याला बोलावलं, दोन पंच घेतले. प्लॉटवाल्याला नोटीस दिली, तो आला पण गाडीतच काच वर करून बसला. सिस्टर आली होती. पदर घट्ट लपेटून भिंतीपासून लांब उभी होती. तिचं गिऱ्हाईक कधीच गेलं होतं आणि कोपरगावच्या फ्लॅटवाल्यानं तिला आठवड्याची मुदत दिली होती. खड्ड्यात काही निघालं नाही तर तिला ओसरीतच परत जायचं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मोजणीदारानं खुणा लावल्या. जागा कोपऱ्याच्याच प्लॉटची, सुटलेला त्रिकोण धरून. मजूर टिकाव घेऊन पुढं आला आणि थांबला. पंच एकमेकांकडं बघायला लागले.

"मॅडम, पूजलेली जागा हाय," एक पंच म्हणाला. "असं कसं उकरायचं? गुरुजी तरी बोलवा."

हवालदारांनी बूट काढून बाजूला ठेवलेले मी पाहिले. म्हणजे तेही त्यांच्यातच. तपास थांबवून पूजेची वाट बघायची, हे कुठल्या नियमात बसतं मला माहीत नाही. पण गावातल्या पंचांचं मन राखलं नाही तर कोर्टात त्यांचं तोंड उघडत नाही, हे माहीत होतं. शेजारच्या गावातून गुरुजींना आणलं. आणि आले ते नेमके तेच गुरुजी. चहावाल्या मावशीनं लांबूनच ओळखलं. "आलं का बाबा, परत शिरा हाय का?"

गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं, क्षमा मागितली. मजुरानं वरची माती काढली. हातभर खाली तांब्याचा कलश दिसला. आता त्याला हात कोण लावणार, यावर पुन्हा सगळे थबकले. मी बौद्ध घरातली. आमच्यात भूमिपूजन नाही, कलश नाही. पण दुसऱ्याच्या पूजेला पाय लागू द्यायचा नाही हे आईनं शिकवलेलं होतं. मी चपला काढल्या, "सरका" म्हणाले आणि दोन्ही हातांनी कलश वर काढून पांढऱ्या कापडावर ठेवला.

"तुमचा का, सिस्टर?"

तिनं जवळ येऊन पाहिलं. "न्हाई. माझा नाही हा."

मला वाटलं, संपलं सगळं. पण मजूर म्हणाला, "मॅडम, हितं बाजूला आनखी यक हाय." तो निघाला. त्याच्या शेजारी तिसरा. आपल्याकडं भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे, ती त्या दिवशी कामाला आली. तिसऱ्या कलशावर नाव होतं ते सिस्टरचं, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. नोकरी लागली तेव्हा नवऱ्यानं घेऊन दिलेला तो तांब्या. तिनं नावावरची माती अंगठ्यानं पुसली. मी तिला पुसू दिली, फोटो आधीच काढले होते.

चौथा निघाला. मजूर टिकाव ठेवून घाम पुसायला लागला. सगळ्यांना वाटलं झालं. तेवढ्यात गुरुजी खाली मान घालून हळूच म्हणाले, "अजून एक असेल. डाव्या हाताला बघा."

हवालदार त्यांच्याकडं वळले. "गुरुजी, तुमाला समदं म्हाईत हुतं व्हय? आन् मगाचपासून पानी शिंपडत बसलाय?"

"मला बोलावतात तिथं मी जातो," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं भागीदार असतील. जागा कुणाची हे विचारणं माझं काम नव्हे." पुढं त्यांनी जबाब दिला आणि त्यातही हेच वाक्य होतं. मी ते तसंच घेतलं.

पाचवा डाव्या हाताला निघाला.

कलशांवरच्या नावांवरून बाकीचे लोक सापडले. एक काष्टीकडचे शिक्षक, एक राहुरीचा गॅरेजवाला, एक नेवाशाचा किराणावाला, एक जामखेडचं जोडपं. सगळे लांबलांबचे, एकमेकांना न ओळखणारे. सगळ्यांना कोपरा दाखवलेला, सगळ्यांच्या खरेदीखतात ओढ्याकडचे प्लॉट. एका कलशापायी मात्र हवालदार फार फिरले. त्यावरच्या नावाचा माणूस पाथर्डीला शोधत गेले, तर तो कधीच वारलेला. जामखेडच्या जोडप्याला लग्नात मामानं दिलेला तांब्या होता तो. हवालदार परत येऊन म्हणाले, "मॅडम, मयताला साक्षीदार करता येत असंल तर बघा, प्रवासभत्ता वाचंल."

प्लॉटवाल्याला पुन्हा समोर बसवलं. या वेळी पेढे नव्हते. मी त्याचा पहिला जबाब त्याला वाचून दाखवला. कुणाचीच पूजा झाली नाही, हे वाक्य आल्यावर त्यानं डोळे मिटले.

फसवणूक कशी केली हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. मंदीत गिऱ्हाईक कचरायचं. पूजेला बसलं की त्याचं मन त्या मातीत अडकायचं. मग रजिस्ट्रीच्या दिवशी नंबर कोण बघतो? गुरुजींचा खर्च आपला, शिरा आपला, फोटो आपला. आणि कोपरा विकायचा नाही, कारण त्या एका कोपऱ्यावर बाकीचे प्लॉट खपत होते. तो हे सांगत होता तेव्हा थोडा ऐटीतच होता. पोलिसांपुढचं हे बोलणं कोर्टात पुरावा होत नाही, ते त्यालाही ठाऊक होतं. मला एकच विचारायचं होतं.

"तुम्हाला माहीत होतं खाली काय आहे. भिंत घालायच्या आधी ते कलश काढून टाकले असते तर माझ्या हातात काय राहिलं असतं? कोपरा सोडून भिंत वाकडी घेतलीत, हॉटेलवाल्याशी भांडलात. काढले का नाहीत?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले.

"ताई, पूजलेलं कसं काढायचं?" तो म्हणाला. "आम्हालाही लेकरंबाळं आहेत."

हवालदार दारात उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. पुढच्या साप्ताहिक सुटीला ते सुप्याला जाऊन आपला प्लॉट बघून आले. कुठं निघाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोषारोपपत्र गेलं. खटला चालू असताना वकिलांनी मध्ये पडून तडजोड घडवली आणि कोर्टानं परवानगी दिली. कोपऱ्याचा प्लॉट हॉटेलवाल्याला गेला आणि त्यातून पाचही जणांना कोपऱ्याच्या आणि ओढ्याकडच्या भावातल्या फरकाची रक्कम मिळाली. तोवर भाव पुन्हा थोडा खाली आला होता, म्हणून रक्कम त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. प्लॉटवाला तुरुंगात गेला नाही. काही लोकांना हे आवडत नाही, मला येऊन विचारतात, मग उपयोग काय झाला? मी म्हणते, तपास करणं माझं काम होतं, ते झालं.

या एका प्रकरणानं माझी काम करायची रीत बदलली. त्याआधी मी संशयितासमोर बसले की एवढंच बघायची, हा माणूस काय काय करू शकतो? लोभ किती, हिंमत किती, पोहोच कुठवर? त्यानंतर मी आणखी एक गोष्ट बघायला लागले, हा माणूस काय करणार नाही? पाच जणांना फसवणारा माणूस कलशाला हात लावत नाही. पुढं मला असे बरेच भेटले. एक घरफोड्या देवघराची खोली सोडून द्यायचा. दुसरा एक दारू पिऊन सगळं करायचा, पण आईची खोटी शपथ घ्यायचा नाही. तपास नेहमी तिथंच सापडतो असं नाही, पण मी तिथं बघायला विसरले नाही. आणि प्लॉट घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते की भाव वर असो की खाली, वर्षातून एकदा जागेवर जाऊन उभं राहा, हातात नकाशा घेऊन.

कोपरगावचा फ्लॅट सिस्टरच्या हातून गेलाच. मुदत संपली होती. बाकीच्या चौघांनी आपापले ओढ्याकडचे प्लॉट तसेच ठेवले, भाव येईल तेव्हा काढू म्हणून. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून तसेच आहेत. सिस्टरनं मात्र फरकाच्या रकमेत पेन्शनमधून राहिलेलं घातलं, ओढ्याकडच्या आपल्या प्लॉटवर मुरूम आणून भराव टाकला, जोतं उंच घेतलं आणि पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. भावजय म्हणाली म्हणे, ओढ्यात कुणी घर बांधतं का? सिस्टर ओसरीतली खाट उचलून इकडं घेऊन आली.

निवृत्त झाल्यावर मी एकदा तिच्याकडं गेले होते. पायरीवर बसून आम्ही चहा पीत होतो. आजूबाजूला रिकामे प्लॉट, गवत, समोर हॉटेलची मागची बाजू. एक मोटारसायकल येऊन थांबली. पोरगा चांगल्या कपड्यातला, हातात मोबाईल.

"मावशी, हा प्लॉट देणार का? सध्या रेट चांगला चाललाय."

"किती चाललाय?" मीच विचारलं, सवयीनं.

सिस्टरनं त्याला बोलूच दिलं नाही. "पुढं जा बाळा, तिकडं सगळे विकायचेच आहेत," ती म्हणाली. "हे घर हाय."